पार्श्वभूमी: कापसाची उशी बदनाम कशी झाली

कापसाची उशी किंवा दुलई वॉशिंग मशीनला लावली तर चालेल का, हा प्रश्न तसा अलीकडचाच. आधी लोक ती धुवायचेच नाहीत, उसवायचे. उन्हाळ्यात टाके काढायचे, खोळ धुवायला, कापूस पिंजाऱ्याकडे, आणि वाळलेल्या खोळीत परत भरून घ्यायचा. गोधडीचं वेगळं, ती कापडावर कापड ठेवून शिवलेली, नदीवर नेऊन आपटली तरी काही होत नाही. पण कापूस भरलेली वस्तू पाणी धरून बसते, वरून हाताला कोरडी लागते, आत ओलच असते, आणि चार दिवसांनी कुबट वास यायला लागतो.

पिंजाऱ्याचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना तो टंग टंग आवाज आठवत असेल. धनुकलीची, म्हणजे धनुष्यासारख्या अवजाराची, ताणलेली तात कापसात धरायची आणि लाकडी ठोकळ्याने झटका द्यायचा, की दबून काळपट झालेला गठ्ठा सुटतो, तंतू मोकळे होतात, मधे हवा शिरते आणि धूळ, सरकीचे कण, तुटके तंतू उडून जातात. त्यामुळे पिंजल्यावर वजन कमी भरायचं आणि त्यावरून हमखास वाद, पिंजाऱ्याने कापूस मारला म्हणून. बिचाऱ्याने बहुतेक वेळा आपल्याच घरची धूळ उडवलेली असायची.

मग आला फोम, त्याला ना ऊन लागतं ना पिंजणं. पण कापसाला खरा धक्का बसला तो ॲलर्जीच्या सल्ल्याने. १९६४ मध्ये नेदरलँडमधल्या संशोधकांनी घरातल्या धुळीची ॲलर्जी डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट नावाच्या किड्यांशी जोडली. हे बरोबरच होतं, आजही कोणी नाकारत नाही. गडबड पुढे झाली. माइट अंथरुणात राहतात, जुन्या अंथरुणात पिसं नाहीतर कापूस असतो, म्हणजे दोष पिसांचा आणि कापसाचा, असा सरळ हिशोब लावून नैसर्गिक भरणाच्या उशा टाका आणि पॉलिएस्टरसारख्या सिंथेटिक घ्या असा सल्ला दम्याच्या पेशंटना सर्रास मिळायला लागला, आपल्याकडेही डॉक्टर आधी घरात कापसाची गादी आहे का तेच विचारायचे.

आणि मोजून कधी बघितलं? १९९६ मध्ये न्यूझीलंडमधल्या मोजणीचे आकडे आले, त्यात पिसांच्या उशीपेक्षा पॉलिएस्टरच्या उशीत माइटचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा घटक, जास्त निघाला. पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशांची खोळ घट्ट विणीची असते, किड्यांनाही ती आडवी येते, असं त्याचं कारण सांगितलं गेलं. कापसाची उशी त्या मोजणीत नव्हतीच, त्यामुळे कापूस सुटला असं काही म्हणता येणार नाही, पण तो पकडला तरी कशाच्या जोरावर होता? माझ्या मते हा सल्ला घाईचा होता, आणि तोपर्यंत तीस वर्षांत लोकांच्या सवयी बदलून गेल्या होत्या.

त्यात उन्हाचाही विचार झाला नाही. माइट पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात, हवा पन्नास टक्के आर्द्रतेच्या खाली बराच काळ राहिली की सुकून मरतात. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दिवसभर उलटीपालटी केलेली उशी म्हणजे त्यांचा शेवटच. मात्र ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची, ती उन्हाने जात नाही, झटकावीच लागते, आणि ते काम दम्याच्या माणसाने करू नये.

दरम्यान कापूसही बदलला. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे जवळपास सगळा देशी कापूस होता, आखूड, जाड, खरखरीत धाग्याचा, बारीक सुतासाठी गिरण्यांना तो फारसा नको असायचा पण गादीत दाबला तरी पुन्हा फुलायचा. १९७० ला संकरित वाण आलं, २००२ ला बोंडअळीला तोंड देणारं बीटी वाण, आणि विदर्भ-मराठवाड्यातही लांब, बारीक धाग्याचाच कापूस झाला. कापडाला तो उत्तम, गादीत मात्र लवकर बसतो. त्यात स्वस्त गादीत सूतगिरणीचा वेस्ट, म्हणजे टाकाऊ कापूस. मग दोन वर्षांत गोळे झाले की लोक म्हणतात कापसात राम नाही.

आता शहरात पिंजणारे टेम्पोवर पिंजणयंत्र घेऊन सोसायटीच्या गेटशी येतात, तासाभरात गादी तयार. यंत्राचे दात तीक्ष्ण असतात, तंतू तुटतात, तरी कापसाला चालून जातं. सावरीची, म्हणजे सावरीच्या झाडाच्या बोंडातला कापूस भरलेली, उशी मात्र त्यांच्या हातात देऊ नये. तो तंतू आतून पोकळ, मेणचट आणि ठिसूळ, म्हणूनच तो पाण्यावर तरंगतो आणि एकेकाळी लाइफ जॅकेटमध्ये भरायचे, पण यंत्रात त्याचा भुगा होतो. तिला फक्त ऊन दाखवायचं, हाताने मोकळी करायची, आणि दाबल्यावर शिवणीतून पीठ यायला लागलं की सावरी बदलायची, खोळ धड असेल तर तीच ठेवायची.