फुलांचं काम शिकायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

बुके घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पैसे देता देता हमखास विचारतं, "आमच्या मुलीला याची फार आवड आहे हो, कुठे शिकता येईल?" दुकानाच्या घाईत उत्तर अर्धवट राहतं, म्हणून हे पत्रक काढलं. आम्ही पुण्यात फुलसजावटीची कामं घेतो आणि हंगामात एक-दोन नवखी मुलं हाताखाली ठेवतो. आमचा स्वतःचा कोर्स नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

पिकवायचं की सजवायचं?

हे दोन वेगळे धंदे आहेत. पिकवण्याकडे ओढा असेल तर दहावीनंतर कृषी पदविका, नाहीतर बारावी विज्ञाननंतर उद्यानविद्येची ४ वर्षांची पदवी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या कृषी विद्यापीठांकडे चौकशी करा. इतकी वर्षं द्यायची नसतील, तर तळेगाव दाभाड्याच्या राष्ट्रीय सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत पॉलिहाऊस (प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालच्या) शेतीची थोड्या दिवसांची प्रशिक्षणं होतात. सुरुवातीची नोकरी बहुतेक पॉलिहाऊसवर देखरेखीची, नाहीतर प्रतवारी-पॅकिंगची. तिथे कॅलेंडर डोक्यात असावं लागतं. १४ फेब्रुवारीला गुलाब हवा तर छाटणी डिसेंबरातच उरकते, कारण फुटवा येऊन कळी काढणीला यायला दीड-दोन महिने जातात. जरबेरा तर कापतही नाहीत. दांडा बुडाशी धरून हलकेच वाकवून उपटतात. कापला तर खुंट मागे राहतो आणि तिथून कूज सुरू होते.

सजावटीत पहिला महिना बादल्यांचा

इथे आम्ही पदवी विचारत नाही, हात बघतो. गड्डी आली की रबर सोडायचं, पाण्यात बुडतील तेवढी पानं काढायची, धारदार सुरीने दांडा तिरका कापायचा आणि लगेच पाण्यात. बोथट कात्रीने दांडा चेपला की पाणी वर चढत नाही आणि संध्याकाळपर्यंत गुलाब मान टाकतो. जरबेऱ्याच्या दांड्यावर बारीक लव असते, खोल पाण्यात तो कुजतो. त्याला चार बोटं पाणी पुरे. कार्नेशन पिकलेल्या केळ्यांजवळ ठेवू नका, फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ते मिटतं. फुलं खोचायचा हिरवा फोम पाण्यावर नुसता सोडा, आपसूक बुडू द्या. हाताने दाबला तर आत कोरडा राहतो. (फोम कुजत नाही, म्हणून जमेल तिथे आम्ही तारेची जाळी वापरतो.)

हे सगळं आम्हीही नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वर्षी लग्नाच्या आदल्या रात्री ऑर्किड गुलाबांबरोबरच ३ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ठेवले. गुलाब सकाळी टवटवीत, ऑर्किडच्या पाकळ्या मात्र पाणचट, डागाळलेल्या. ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण प्रदेशातले. त्यांना १२-१३ अंशांखालचा गारवा सोसत नाही. स्टेजची एक बाजू ऐनवेळी शेवंतीने भरून काढावी लागली.

कोर्सवाल्यांना काय विचारायचं?

रोज प्रत्यक्ष हातात किती फुलं देणार, हे आधी विचारा. पडद्यावरचे फोटो बघून हात बसत नाही. दुसरं, सुट्या (बिनदांड्याच्या) फुलांचं काम शिकवतात का? बरेच ठिकाणी सगळा भर बुकेवर आणि फुलदाणीवर असतो. आपल्याकडे रोजचं काम येतं ते हार, तोरण, वेणी, मांडवाची कमान यांचं. झेंडू, शेवंती, निशिगंध किलोवर घेऊन किती फुटाला किती लागेल याचा अंदाज ज्याला येतो, त्याला काम मिळतं. आमच्या मते हा अंदाज रंगसंगतीच्या ज्ञानापेक्षा जास्त पैसे देतो, पण तो शिकवणारे कोर्स थोडेच.

म्हणून फी भरण्याआधी निदान चार पहाटा गुलटेकडीच्या फूलबाजारात घालवा. मुंबईकरांनी दादरला जावं. सणाच्या आदल्या दिवशीचा भाव आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या मालाची अवस्था, दोन्ही पाहा. काम रात्रीचं असतं, हेही घरी आधीच सांगा: हॉल रिकामा होतो तेव्हा आम्ही आत शिरतो आणि मुहूर्ताआधी बाहेर पडतो.

आमच्याकडे हात आजमावायचा असेल तर मंगळवारी दुपारी या. नखं कापलेली, पायात न घसरणारी चप्पल. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात फक्त चौकशीला येऊ नका, बोलायला कुणी मोकळं नसतं. झेंडू ओवायला येणार असाल तर पहाटे ४ला शटर उघडं असेल.