पीकविम्याच्या ‘उंबरठा उत्पन्ना’ची पार्श्वभूमी

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेनं आण्यांत ठरायचा, म्हणून ‘आणेवारी’. १९४०च्या दशकात यादृच्छिक पद्धतीनं वावर निवडून, त्यात चौकोन आखून, तेवढंच पीक कापून तोलायची रीत देशात रुजली. चौकोन केवढा घ्यावा यावर तेव्हाच्या संख्याशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. तुकडा लहान असला की कडेची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं, असा एका बाजूचा आक्षेप होता. तो रास्तच होता.

आजचा विमा, म्हणजे प्रधानमंत्री पीकविमा योजना, २०१६च्या खरिपातला. तो अडतो एका शब्दापाशी: उंबरठा उत्पन्न. कास्तकाराला वाटतं, उंबरठा म्हणजे सरासरी. तसं नाही. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि महाराष्ट्रात तिचे ७० टक्के धरायचे.

समजा, एका महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) सोयाबीन सात वर्षांत क्रमानं हेक्टरी १२००, ११००, ४००, १०००, ९००, ५००, ८०० किलो झालं. चांगल्या पाचांची सरासरी १०००, उंबरठा ७००. यंदा ५६० आलं तर तूट १४०, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के; म्हणून विमा रकमेच्याही २० टक्के भरपाई. ७०० आलं तर काहीच नाही. सरासरीपेक्षा ३०० किलो कमी पिकलं ते कास्तकारानंच सोसायचं. पुढची दोन वर्षं ६००-६०० ची गेली की जुनी १२०० आणि ११०० यादीतून गळतात, सरासरी ७८० वर येते, उंबरठा ५४६ होतो. आता त्याच ५६० किलोला छदाम मिळत नाही. कोरडवाहू विदर्भात वाईट वर्षं लागोपाठ येतात, त्यामुळे हे सूत्र नेमकं इथेच जास्त चावतं.

संगणक हा हिशेब शेकडो मंडळांसाठी क्षणात करतो, तोही बिनचूक. ७० हा आकडा मात्र माणसांनी ठरवलेला आहे, आणि चर्चा त्यावर व्हायला हवी.

२०२३च्या खरिपात सोयाबीन, कापूस, भातासाठी उपग्रहावरून काढलेल्या उत्पन्नाला हिशेबात ३० टक्के भारांकन (वजन) मिळालं, उरलेलं पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे त्या कापून तोलायच्या रीतीला. त्याच हंगामात राज्यात एक रुपयात विमा सुरू झाला, तो २०२५ला बंद पडला. सोबत स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीचे वेगळे दावेही गेले. म्हणजे ढगफुटीत एकाचंच वावर खरडून गेलं तरी भरपाई ठरणार अख्ख्या मंडळाच्या सरासरीवर.