बेख्श्टाइनचे वटवाघूळ आणि त्याचे जुने रान

इंग्लंडच्या नॉरफकमध्ये ग्राइम्स ग्रेव्हज या नवाश्मयुगीन गारगोटीच्या (फ्लिंट) खाणी आहेत. तिथे सापडलेल्या वटवाघळांच्या हाडांत बेख्श्टाइनच्या वटवाघळाची हाडे भरपूर निघाली. आज ब्रिटनमध्ये ते दक्षिण इंग्लंड आणि वेल्सच्या काही भागांतच, तेही तुरळक दिसते. मधल्या काळात शेतीसाठी पानझडी जंगले तुटली, हे त्याचे मोठे कारण मानले जाते.

या जातीचे वर्णन १८१७ मध्ये हाइनरिश कूल या विशीतल्या तरुणाने केले आणि तिला जर्मन निसर्गअभ्यासक बेख्श्टाइन यांचे नाव दिले.

वजन ७ ते १३ ग्रॅम, पंखांचा विस्तार २५ ते ३० सेंटिमीटर. पाठ तपकिरी, पोट फिकट राखाडी, चेहरा गुलाबी. खरी ओळख कानांची: पुढे वळवले तर जवळजवळ निम्मा कान नाकाच्या पुढे जातो. लांबकान्या वटवाघळाशी गल्लत होते, पण त्याचे कान कपाळावर जोडलेले असतात; याचे सुटे.

पानावर किडा हलला तरी या कानांना चाहूल लागते. स्वतःची साद मात्र क्षीण. वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्या डिटेक्टर यंत्राला ती जेमतेम काही मीटरवरून मिळते, आणि मिळाली तरी जवळच्या जातींपासून वेगळी काढणे कठीण. त्यामुळे यंत्र गप्प राहिले की ‘इथे नाही’ अशी नोंद व्हायची. ससेक्स विद्यापीठात तयार झालेल्या ‘ऑटोबॅट’ या यंत्राने हे बदलले: वटवाघळांच्या आपसातल्या हाकांची नक्कल वाजवायची आणि आकर्षित झालेली वटवाघळे हार्प ट्रॅप या उभ्या तारांच्या सापळ्यात धरायची. हे काम अर्थातच परवानाधारकांचे.

मुक्काम ओक आणि बीच या झाडांच्या जुन्या रानात, बहुधा सुतारपक्ष्याने सोडलेल्या ढोलीत. उन्हाळ्यात १० ते ५० माद्या एकत्र राहतात, पण दर दोन-तीन दिवसांनी ढोली बदलतात. रक्त पिणारी एक बिनपंखी माशी ढोलीच्या भिंतीवर आपले कोष चिकटवते; अशी ढोली माद्या टाळतात. म्हणून एखादे पोकळ झाड राखून भागत नाही, एकाच रानात डझनावारी ढोल्या लागतात. रानाची दाटी कमी करण्यासाठी होणाऱ्या विरळणीत नेमकी हीच झाडे ‘सदोष’ म्हणून आधी तोडली जातात. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते आणि लेकी आईच्याच वसाहतीत राहतात, त्यामुळे एकदा उठलेली वसाहत दुसरीकडे सहसा उभी राहत नाही.