उन्हाळी वर्गांना फी कधी लागली?

माझ्या पुतणीनं परवा मोबाईलवर हार्वर्डच्या दोन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाची माहिती दाखवली. फी ५ हजार डॉलरच्या वर, म्हणजे चार लाखांहून जास्त. विमान, व्हिसा वेगळं. भावानं लाईटबिलाच्या पाठीमागे आकडे मांडले आणि विचारलं, "दादा, एवढं भरून पुढं तिथं ॲडमिशन मिळतंय काय?"

मिळत नाही. प्रवेशाचा अर्ज सगळ्यांसारखाच भरावा लागतो.

हार्वर्डचे उन्हाळी वर्ग १८७१ चे. सुरुवातीला तिथं शाळामास्तर विज्ञान शिकायला येत. चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. सुट्टीत शहाणं व्हावं ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या बेळगावजवळच्या उचगाव, कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतही मांडवात कुणीही येऊन बसावं.

शाळकरी मुलांसाठीचे वर्ग वाढले ते १९५७ नंतर. रशियाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला, अमेरिका हादरली आणि हुशार पोरं हेरायला सरकारी पैसा आला. त्याच वर्षी गणितज्ञ अरनॉल्ड रॉस यांनी तिथल्या नोत्र दाम विद्यापीठात गणिताचा उन्हाळी वर्ग सुरू केला होता. आपल्याकडेही १९६३ पासून एनसीईआरटीनं प्रज्ञाशोध परीक्षेतून मुलं निवडली, त्यांच्यासाठी उन्हाळी वर्ग घेतले. निवड कडक आणि भार देशावर, अशी ती रीत. पुढं अमेरिकेत कॉलेजप्रवेशाची चुरस वाढली, उन्हाळ्यात वसतिगृहं रिकामी असतातच. मग निवडीपेक्षा फीवर चालणारे वर्ग फोफावले. जुनी रीत मात्र मेली नाही. १९८४ मध्ये सुरू झालेली अमेरिकेतली रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट ही उन्हाळी शाळा आजही शिकवण्याचे पैसे घेत नाही. इस्रोचं 'युविका' हे अवकाश विज्ञानाचं उन्हाळी शिबिर २०१९ पासून नववीच्या मुलांना प्रवासखर्चासकट बोलावतं, ग्रामीण शाळांना निवडीत झुकतं माप देतं. आपल्या खानापूर तालुक्यातल्या किती मराठी शाळांत ही सूचना फळ्यावर लागते? मला याचीच कळकळ वाटते.

माझ्या मते चार लाख घालण्यासारखं हार्वर्डच्या त्या वर्गात काही नाही. पुतणीची दहावी मराठीतून झाली. पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, सायन्स इंग्रजीत. 'विस्थापन' पाठ असलेली पोर 'डिस्प्लेसमेंट' ऐकून गप्प बसते. आता रोज संध्याकाळी आम्ही फिजिक्सचं पहिलं प्रकरण घेऊन बसतो; ती शब्दांची वही करते, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. काल 'त्वरण'पर्यंत आलो.