बुशिंगसाठी निरोधक पदार्थांची निवड

रोहित्राची टाकी जमिनीशी जोडलेली असते. तिच्या झाकणातून उच्च दाबाचा वाहक बाहेर काढताना त्याच्याभोवती जो निरोधक नळा बसवतात, त्याला बुशिंग म्हणतात. गावच्या डीपीवर दिसणारी तपकिरी, कंगोरेदार चिनी मातीची नळकांडी हे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप.

पदार्थ किती व्होल्टला फुटतो, एवढेच पाहून निवड केली तर फसगत होते. बुशिंग बहुधा दोन पदार्थांच्या सांध्यात बिघडते. एकामागे एक असलेल्या थरांत विद्युत ताण त्यांच्या डायलेक्ट्रिक स्थिरांकाच्या (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो याचे माप) व्यस्त प्रमाणात वाटला जातो. चिनी मातीचा स्थिरांक सुमारे ६, हवेचा १. त्यामुळे आत हवेची केसाएवढी फट राहिली, तरी तिच्यावर मातीच्या जवळपास सहापट ताण येतो, आणि हवा तर मुळातच दुबळी. मग तिथे आंशिक विसर्जन, म्हणजे सगळे निरोधन न फुटता फटीपुरत्या बारीक ठिणग्या, सुरू होऊन शेजारचा पदार्थ हळूहळू खाल्ला जातो.

सुमारे ३३ किलोव्होल्टपर्यंत चिनी मातीचे साधे बुशिंग पुरते. त्यापुढे ताण फ्लँजजवळ, म्हणजे बुशिंग टाकीवर बसवणाऱ्या धातूच्या कड्याजवळ, एकवटतो. तो सारखा पसरवण्यासाठी वाहकाभोवतीच्या कागदाच्या गुंडाळीत ॲल्युमिनियमच्या वर्खाचे थर घालतात. हा कागद कशाने भरायचा, हा निवडीतला कळीचा प्रश्न. जुन्या पद्धतीत राळ लावलेला कागद गुंडाळत. थरांमध्ये हवा राहून जाई. निर्वातात वाळवून तेल मुरवलेल्या कागदाने तो दोष गेला. ही बुशिंगे स्वस्त आणि अनुभवसिद्ध आहेत, मात्र गॅस्केटमधून ओल शिरली की टॅन डेल्टा (निरोधकात वाया जाणाऱ्या ऊर्जेचे माप) वाढतो आणि स्फोट झाल्यास मातीचे तुकडे व पेटते तेल दूरवर उडते. एपॉक्सी मुरवलेल्या कागदात तेल नसल्याने हा धोका बराच कमी होतो. पण त्याचे उघडे टोक गोदामात झाकले नाही, तर कागद ओल शोषतो. याकडे फार दुर्लक्ष होते. कागदाऐवजी कृत्रिम तंतूंचे कापड वापरले, तर ही अडचणही बरीचशी टळते.

बाहेरच्या आवरणात चिनी माती उन्हाने झिजत नाही, पण ती जड आणि ठिसूळ असते. कोकण किनाऱ्यासारख्या ठिकाणी तिच्यावर मिठाचा थर साचतो, तो दमट हवेत ओला होतो आणि पृष्ठभागावरून प्रवाह झिरपू लागतो. अतिप्रदूषित जागी दर किलोव्होल्टला ३१ मिलिमीटर पृष्ठमार्ग (दोन टोकांमधले पृष्ठभागावरून मोजलेले अंतर) धरण्याची रीत आहे. २४५ किलोव्होल्टच्या बुशिंगला तो सुमारे ७.६ मीटर होतो. सिलिकॉन रबर अशा हवेला अधिक मानवते. त्यातील हलके रेणू वर साचलेल्या मळातही झिरपून त्याला जलरोधी करतात, त्यामुळे पाण्याचा सलग थर न बनता थेंबच राहतात.