तळटीप, कंस आणि क्रमांक : संदर्भपद्धती कुठून आल्या

एका पद्धतीत वर्ष लेखकाच्या नावाला चिकटून येते, दुसरीत नोंदीच्या शेवटी जाते, तिसरीत मजकुरात नुसता आकडा दिसतो. विद्यार्थ्यांना हे नियम मनमानी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकामागे त्या त्या ज्ञानशाखेची गरज आहे.

आठव्या शतकात इंग्लंडमधला भिक्षू बीड आपल्या बायबल-भाष्यांच्या समासात, दुसऱ्याकडून घेतलेल्या मजकुराशेजारी मूळ लेखकाच्या नावाची अक्षरे लिहीत असे. नकलाकारांनी या खुणा गाळू नयेत, अशी विनंतीही त्याने करून ठेवली होती. तरी पुढच्या अनेक नकलांत त्या गळाल्याच.

छपाईनंतर टिपा हळूहळू समासातून पानाच्या तळाशी आल्या. इंग्रज इतिहासकार गिबनच्या रोमन इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला तेव्हा टिपा शेवटी होत्या. दर वेळी मागे पाने उलटावी लागतात, अशी तक्रार तत्त्वज्ञ ह्यूमने केली आणि नंतरच्या आवृत्तीत त्या तळाशी आल्या. इतिहासाला तळटीप मानवते, कारण दप्तरातल्या कागदाचा पूर्ण पत्ता कंसात मावत नाही. तिची खोड ‘तत्रैव’ (म्हणजे ‘आधीच्या टिपेतल्याच ग्रंथात’) या शब्दामध्ये आहे : मध्ये एक नवी टीप घातली की जुने ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवते. म्हणून कच्च्या खर्ड्यात लेखक आणि लघुशीर्षकच लिहावे.

कंसातले लेखक-वर्ष हे हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ मधल्या, गोगलगायीच्या कुळातल्या एका जीवावरील निबंधापर्यंत मागे नेले जाते. विज्ञानात निष्कर्ष किती ताजा हे वाचताक्षणी कळावे लागते, म्हणून वर्ष पुढे. एकाच लेखकाचे एकाच वर्षी दोन लेख आले, तर २०१५क, २०१५ख असे लिहायचे. शेवटच्या संदर्भसूचीतही तीच अक्षरे हवीत. मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकी संघटनेने १९२९ मध्ये सात पानी सूचना छापल्या, त्यांतून आजची एपीए शैली वाढली. साहित्याच्या अभ्यासात मात्र वर्षापेक्षा ओळ कुठल्या पानावर आहे हे महत्त्वाचे. त्यामुळे एमएलएने (भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची अमेरिकी संघटना) १९८४ मध्ये तळटिपा मागे सारून लेखक आणि पान कंसात आणले.

वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले; मजकुरात नुसता आकडा देणारी पद्धत त्या शहराच्या नावाने ओळखली जाते. एकेका विधानामागे चार-पाच संदर्भ असले की नावे वाक्य गिळतात, अशा वेळी क्रमांक सोयीचा. ग्रंथ प्रथम आला तेव्हाचा क्रमांक शेवटपर्यंत कायम राहतो. हाताने क्रमांक दिले आणि मध्येच नवा संदर्भ घातला, तर पुढचे सगळे सरकतात; चुका बहुधा इथेच होतात.

लेखांना कायमचा डीओआय क्रमांक देणारी क्रॉसरेफ ही व्यवस्था २००० मध्ये उभी राहिली. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक लेखापर्यंत पोचवतो, म्हणून तो असेल तर नोंदीत द्यावाच.

एक जुनी खोड मात्र सगळ्या पद्धतींत टिकून आहे : मूळ ग्रंथ न उघडता दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलणे. पानाचा आकडा एकाने चुकवला की तो पुढच्या लेखांतून तसाच फिरत राहतो. मूळ ग्रंथ मिळालाच नाही, तर मजकुरात त्याचे नाव देऊन ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहावे आणि सूचीत स्वतः वाचलेलाच ग्रंथ घालावा.