निर्वासितांबद्दल पुढारी काय बोलतात, त्याची पारख

जीव वाचवायला देश सोडून आलेल्यांबद्दल पुढारी जाहीरपणे जे बोलतो ते खरं आहे का, त्यातून कोणाच्या जिवावर बेतेल का आणि उद्या तो त्या शब्दाला जागेल का, हे बघणं म्हणजे ही पारख. कोर्टातली केस वेगळी, भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 मधून (गटागटांत वैर पसरवण्याबद्दलचं कलम) भाषण सुटलं म्हणजे ते बरं होतं असं काही नाही.

सगळ्यात आधी शब्द बघायचा. निर्वासित, शरणार्थी, घुसखोर, या तिन्हीत माणूस तोच असू शकतो. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे कोणाला काय म्हणायचं हे बऱ्याचदा बोलणाऱ्याच्या सोयीवर चालतं. 17 ऑगस्ट 2022 ला हे एकाच दिवसात दिसलं. केंद्रीय मंत्री हरदीप सिंग पुरी यांनी ट्विट केलं की रोहिंग्या शरणार्थींना दिल्लीत बक्करवालाच्या फ्लॅटमध्ये हलवणार, पोलीस संरक्षण पण देणार, वर 1951 च्या कराराचा आपण मान राखतो हेही (सही नाही ते सोडा!), आणि त्याच दिवशी गृहमंत्रालयाने सांगितलं की असा काही आदेशच नाही, हे बेकायदा परदेशी आहेत. म्हणजे माणसं तीच, सरकार तेच, फक्त शब्द फिरला आणि त्याबरोबर फ्लॅटही गेला. इथे मला गोड बोलणं पण तितकंच खटकतं, कारण पाठीशी आदेश नसताना दिलेला दिलासा ऐकून कोणीतरी सामान बांधायला घेतलेलं असू शकतं.

मग किडामुंगीची भाषा. 2018 मध्ये अमित शहांनी बांगलादेशी घुसखोरांना दीमक म्हणजे वाळवी म्हटलं, 2015 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून स्थलांतरितांना थवा म्हणाले. घुसखोरी रोखा म्हणणं हे धोरण झालं, त्यावर वाद घालता येतो, पण वाळवीवर औषधच मारतात ना.

जबाबदारीचं म्हणाल तर जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं की मंत्र्याचं वक्तव्य आपोआप सरकारचं धरता येणार नाही, न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत त्यावर वेगळं होतं.

ठाणे जिल्ह्यात याची कसोटी घरचीच आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी ट्रान्झिट कॅम्पात साधारण लाखभर सिंधी आले, 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. कोणतंही वक्तव्य घ्या, त्यात आजच्या माणसांच्या जागी ते 1948 चे सिंधी बसवा आणि उल्हासनगरच्या बाजारात मोठ्याने वाचता येतंय का बघा. त्या पिढीतल्या अनेकांना शरणार्थी हा शब्द पण टोचायचा, आम्ही पुरुषार्थी, म्हणजे स्वतःच्या कष्टावर उभे राहणारे, असं म्हणायचे. आणि पत्त्यावर मात्र अजून कॅम्प नंबर तीन, बॅरेक नंबर अमुक असंच लिहितात.